एसेनचं रडणं

उल्बोसिन आपा रडायला बसली की दगडाला पाझर फुटायचा, असं अतिराऊ गावातल्या जुन्या बायका अजून सांगतात, आणि उगाच नाही सांगत. झायिक नदीच्या खालच्या अंगाला, मासेमारांच्या वस्तीत, चाळीस वर्षं कुणाच्याही घरी माणूस गेलं की पहिला निरोप मुल्लाला आणि दुसरा उल्बोसिनला. मुल्ला मेलेल्याची सोय लावायचा, ही जित्यांची. घरच्या बाईशेजारी मांडी घालून बसायची. गेलेला माणूस काय आवडीनं खायचा, कशावर चिडायचा, दारू प्यायल्यावर कुणाच्या नावानं शिव्या द्यायचा, सगळं खोदून खोदून विचारायची आणि चहाची दुसरी फेरी होईस्तोवर त्या माणसाचं रडणं बांधून द्यायची.

आमच्याकडे रडणं म्हणजे नुसता हंबरडा नव्हे. ते गाणं असतं. त्यात गेलेल्याचं नाव असतं, त्याची होडी असते, त्याची खोड असते. घरच्या बाईनं ते वर्षभर म्हणायचं, समाचाराला येणाऱ्या प्रत्येकापुढे, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून. वर्ष भरलं की मोठं जेवण घालायचं, त्या दिवशी शेवटचं म्हणायचं आणि मग त्या माणसासाठी पुन्हा कधी रडायचं नाही. बरोबरच आहे. मेलेल्याला तरी किती दिवस दारात उभं करून ठेवणार? त्यालाही पुढं जायचं असतं.

आणि एकाचं रडणं दुसऱ्याला लावायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण एकाच्या अंगावरचं कफन सोडून दुसऱ्याला कुणी गुंडाळतं का? उल्बोसिननं शंभरावर रडणी बांधली असतील, पण एकाची ओळ दुसऱ्यात गेली नाही. पैसेही कधी घेतले नाहीत. कुणी चहाची पुडी द्यायचं, कुणी पोलक्याचं कापड.

तिच्या बापाला लागोपाठ तीन मुलीच. चौथी झाली तेव्हा त्यानं वैतागून तिचं नाव ठेवलं उल्बोसिन, म्हणजे ‘आता मुलगा होऊ दे’. मुलगा झाला नाहीच, पाचवी मुलगी झाली. “मी म्हणजे बापाचा चालता-बोलता नवस,” ती हसून म्हणायची, “आणि देवानं काही ऐकलं नाही.” लग्न मासे धरणाऱ्याशी झालं, अकरा वर्षं पाळणा हलला नाही, आणि मग एसेन झाला. रशियनांचं जुनं राज्य मोडलं तेव्हा सरकारी मासळी कारखान्याला टाळं लागलं, नवरा दोन वर्षं भिंतीला टेकून खोकत बसला आणि गेला. त्याचं रडणं छोटंसंच होतं. तिनं ते वर्षभर म्हटलं, शेवटी एक मेंढी कापली, वस्ती जेवून गेली, कुणी नावं ठेवली नाहीत. मग मासे धुरावून बाजारात विकत तिनं पोराला वाढवलं.

तेवढ्यात तेल निघालं. म्हणजे तेल होतंच, पण आता परदेशी आले, आणि पैसा असा आला की दहा वर्षांत गावाचं तोंड ओळखू येईना. टीव्हीवरचा माणूस रोज संध्याकाळी सांगायचा, देश यंदा दहा टक्क्यांनी वाढला. अरे, वाढला तर वाढला, पण कुणाच्या घरात? उल्बोसिनच्या गल्लीत पाण्याची गाडी अजून दिवसाआड यायची आणि चिखलात रुतायची. शाळेतली भूगोलाची बाई परदेशी लोकांच्या वसाहतीत फरशी पुसायला गेली, कारण तिथं महिन्याला मिळायचं ते शाळेत वर्षाला मिळत नव्हतं. पलीकडच्या घरातला दौलेतियार एका खटारा ट्रकवर रेती वाहायचा, त्याचे तीस ट्रक झाले. त्यानं गल्लीच्या तोंडाशी चार घरं विकत घेऊन पाडली आणि तीन मजली वाडा बांधला, भोवती दोन पुरुष उंचीची भिंत. त्याची आई बीबीझादा आणि उल्बोसिन यांनी तीस वर्षं एका भट्टीत भाकरी लावली होती. भिंत झाली तशी भट्टी आतल्या बाजूला गेली आणि मग पाडलीच, तिथं कारंजं आलं.

एसेन सव्वीस वर्षांचा होता. नदीकाठी काचेची उंच इमारत उठत होती, तिथं काँक्रीट ओतायच्या कामावर जायचा. ऑक्टोबरातल्या एका सकाळी वारा सुटला आणि तो नवव्या मजल्यावरून खाली आला. मुकादमानं कागद आणून दिला, त्यावर लिहिलं होतं की कामगारानं पट्टा बांधला नव्हता.

“पट्टा दिला असता तर बांधला असता ना, मुडद्यांनो!” शेजारची कानझिपा त्या कागदावर थुंकली. कानझिपा बाजारात तळलेल्या पुऱ्या विकायची, आणि तिच्या कढईपेक्षा तिची जीभ गरम होती.

उल्बोसिनला या वेळी कुणाला काही विचारावं लागलं नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि रडणं आपसूक आलं, एखादं जनावर आपल्या पायानं घरी यावं तसं.

पाण्यावर बर्फ धरला, तळाशी मासा हालतो,
वरून मी हाका मारते, खालून कोण बोलतो?

दार मी लावलं नाही, चहा मी निवू दिला नाही,
तुझ्या पावलांचा माग मी केरसुणीला दिला नाही.

माणूस प्रवासाला निघालं की त्याच्यामागे लगेच घर झाडायचं नसतं, तशी ती ओळ. शेवटी त्याचं नाव, एसेन रे, माझ्या एसेना. ऐकणाऱ्या बायका तोंडात पदर कोंबून बसल्या. चाळीस वर्षांत असं रडणं तिनं कुणाचं बांधलं नव्हतं, आणि ते तिला कळत होतं. याचीही तिला लाज वाटायची.

मग एसेन यायला लागला. तिन्हीसांजेला झोपू नये, दिव्याच्या वेळेला डोळा लागला की नको ते घरात शिरतं, हे तिनं सगळ्या गल्लीला सांगितलेलं. पण दिवसभर बाजारात उभं राहून आल्यावर कणीक मळता मळता तिचा डोळा लागायचाच, आणि डोळा लागला की तो उंबऱ्याबाहेर उभा असायचा. भुवयांवर सिमेंटची भुकटी. आत ये म्हटलं तरी यायचा नाही. ती त्याचं रडणं म्हणायला लागली की तेवढ्यापुरता एक पाऊल पुढे सरकायचा, आणि ती जागी व्हायची. दर गुरुवारी ती त्याच्यासाठी सात पोळ्या तळायची, मेलेल्यांना तेलाचा वास पोचतो म्हणून. वास पोचत असावा, पण त्याचं उभं राहणं काही थांबत नव्हतं.

“वर्षाचं जेवण झालं की जाईल तो,” कानझिपा म्हणाली. “त्याला रजा मिळाली नाही अजून.”

पण जेवण घालायचं कशाचं? मेंढीचे दिवस गेले होते. पैसेवाल्यांनी एका जेवणाला तीन तीन घोडे कापायला सुरुवात केली, हॉटेलं घेतली, शर्यतीला बक्षीस म्हणून मोटारी ठेवल्या. मोठ्यांचं बघून मधल्यांनी एक घोडा तरी धरला, मग पहारेकरीसुद्धा बँकेत कर्जाच्या रांगेत उभे राहिले. मेंढी कापणाऱ्याकडे आता लोक जायचेच नाहीत. त्या वसंतात खालच्या आळीतल्या एका विधवेनं मेंढी कापली, शंभर माणसांना सांगितलं आणि नऊ आली. “माणूस कोंबडीच्या मोलाचा होता वाटतं,” असं कुणीतरी म्हणालं, ते उल्बोसिननं स्वतःच्या कानांनी ऐकलं. तिला तिच्या पोराचं असं झालेलं बघायचं नव्हतं. त्याला चार माणसांनी हात वर करून निरोप द्यावा, त्यानं भुवया झटकाव्या आणि जावं, यापलीकडे तिला जगात दुसरं काही नको होतं. आणि धुरावलेल्या माशांवर घोडी येत नाही.

जूनमध्ये बीबीझादा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलेतियार स्वतः चिखलातून चालत आला, बूट हातात घेऊन. लहानपणी यायचा तसाच वाकून दारातून आत आला, आणि चटईवर बसल्यावर रडला.

“आपा, घर मुकं आहे गं,” तो म्हणाला. “बहिणी आल्यात, पण त्या रशियन शाळेतल्या. एक नुसती मुसमुसते, दुसरी फोनवर बोलते. माझ्या बायकोला, गौहरला, तर रडणं म्हणजे काय तेच ठाऊक नाही. लोक दाराशी येतात, कान देतात आणि आतून काहीच नाही. माझ्या आईला असं मुक्यानं पाठवू?”

“मुक्यानं कशी जाईल? मी काय मेले?” उल्बोसिन उठलीच. “तीस वर्षांची मैत्रीण माझी.”

निघताना तो उंबऱ्यापाशी थांबला. “आपा, एसेनच्या वर्षाला घोडी माझ्याकडून. माझ्याच कळपातली. पाच वर्षांची, वांझ, बरगडीवर चार बोटं चरबी. नाही म्हणायचं नाही.”

ती नाही म्हणाली नाही. तो बरा माणूस होता, हेही सांगायला हवं. वाईट असता तर हिला किती सोपं गेलं असतं.

कानझिपानं हे ऐकलं आणि पदरानं कपाळ पुसलं. “घोडी! आणि काय बांधणार आहेस म्हातारीला?”

“बांधीन काहीतरी.”

“काहीतरी बांधीन म्हणे! ऑक्टोबरपासून दुसऱ्याचं एक तरी बांधलंस का? पोस्टातल्या त्या बाईला परतच पाठवलंस की. ऐक माझं. एसेनचंच म्हण. नाव तेवढं बदल.”

“जीभ झडेल तुझी.”

“झडू दे. एसेन काय पांघरणार आहे ते? त्याला घोडी हवीय, गाणं नको.”

उल्बोसिन तिच्याशी न बोलता गेली. वाड्याच्या अंगणात पांढरा तंबू ठोकला होता, आत गालिचे, बायका चिक्कार. दौलेतियारच्या बहिणींच्या मध्ये तिला बसवलं. एका कोपऱ्यात व्हिडिओवाला होता, कारण आता लग्न असो की मयत, व्हिडिओवाला लागतोच. तिनं भिंतीकडे तोंड केलं, हात कमरेवर ठेवले आणि बीबीझादाला आठवायला लागली. भट्टीत हात भाजला होता तो, गाय हरवली होती ती रात्र, तिचं शिंकणं. सगळं आठवलं आणि एकाचीही ओळ झाली नाही. बायका थांबल्या होत्या. कुणीतरी खाकरलं. बाहेर पुरुषांचा गलका आला, पाहुण्यांची नवी तुकडी दाराशी पोचली होती, आणि आतून आवाज यायला हवा होता. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते:

पाण्यावर बर्फ धरला, तळाशी मासा हालतो...

नावाच्या जागी बीबीझादाचं नाव बसलं. अगदी बेमालूम बसलं. त्या क्षणी घोडी तिच्या डोळ्यांपुढे होती की नव्हती, हे तिला नंतर स्वतःलाही सांगता आलं नाही. तंबूत आक्रोश उठला. मुसमुसणारी बहीण ऊर बडवून रडली, फोनवाली तिच्या मांडीवर कोसळली, आणि गौहर, जिला रडणं माहीत नव्हतं, ती काळा चष्मा काढून लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. तीन दिवस येईल त्या तुकडीपुढे उल्बोसिननं तेच म्हटलं.

चौथ्या दिवशी घरी आली, कणीक घेतली, तिन्हीसांजेला डोळा लागला. उंबऱ्याबाहेर कुणी नव्हतं. आत, भिंतीशी, पाहुण्यांच्या मानाच्या जागेवर बीबीझादा बसली होती. अंगात मखमलीचा कोट, पुढे पेला.

“पुढचं म्हण की,” ती म्हणाली. “दार मी लावलं नाही, तिथपर्यंत आलं होतं.”

उल्बोसिननं खिडकीतून पाहिलं. एसेन अंगणाच्या टोकाला, कोळशाच्या खोपटापाशी उभा होता, पाठ करून. हाक मारली तर त्याचे खांदे हलले, पण तो वळला नाही. पूर्वी त्याचं तोंड तरी दिसायचं. जाग आली तेव्हा कणीक हातावर सुकून तडकली होती, आणि ती तशीच बसून राहिली. मी काय केलं, देवा, मी हे काय करून बसले, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

त्यानंतर रोज तेच. म्हातारी आत, पोरगा बाहेर.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण दौलेतियारनं नदीकाठच्या नव्या हॉटेलात दिलं. जाताना प्रत्येक पाहुण्याला सोनेरी कव्हरातली एक सीडी, वर बीबीझादाचा फोटो, आत ते रडणं. बघता बघता ते गावभर झालं. टॅक्सीत वाजायचं, बाजारात मटणाच्या दुकानी वाजायचं, लग्न झालेल्या पोरी माहेरच्या आठवणीनं गुणगुणायच्या. मासे विकताना उल्बोसिनच्या कानावर दिवसातून चार वेळा पडायचं, तिचाच आवाज. गिऱ्हाईक म्हणायचं, “बीबीझादा आपाचं रडणं हे. काय बाई असेल!” कुणाच्या आवाजात आहे, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, आणि म्हैस मोठ्या घरची असेल तर विचारायलाच नको.

सप्टेंबरात ती वाड्यावर गेली. ज्या अंगणात तीस वर्षं न खाकरता शिरली, त्याच्या दाराशी पहारेकऱ्यानं तिला नाव विचारलं, काम विचारलं, आणि भिंतीतल्या बोलायच्या पेटीत तोंड घालून आत सांगितलं. गौहरनं मात्र प्रेमानं चहा दिला, जवळ बसून हात कुरवाळला. दौलेतियार आला.

“बाळा, ती सीडी बंद कर,” उल्बोसिन म्हणाली.

“का गं, आपा? लोक रडतात ऐकून. त्यातल्या दोन ओळी तर दगडावर घेतल्यात. आईच्या कबरीवर. बर्फाच्या आणि माशाच्या. काळा ग्रॅनाइट, बाहेरून मागवलाय. चल, दाखवतो तुला एकदा.”

“ते एसेनचं होतं रे.”

दौलेतियारनं पेला खाली ठेवला.

“मग आधी का नाही सांगितलंस?” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. “मी दुसऱ्या कुणाला आणलं असतं. आता दगड कोरला गेलाय, आपा. तू त्याच्यासाठी नवं बांध ना. तुझ्याकडे शब्दांना काय तोटा? तंबू, खुर्च्या, वाढपी, सगळं मी पाठवतो.” मग जरा थांबून, “आणि हे कुठे बोलू नकोस हं. मजुराचं उतरलेलं आईच्या अंगावर घातलं, असं व्हायचं.”

बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. गौहर खिडकीबाहेर बघायला लागली. उल्बोसिननं चहा संपवला, पेला आडवा ठेवला, म्हणजे आता नको, आणि उठली. भांडणार कुणाच्या तोंडानं? दिलं तिनंच होतं.

नवं बांधायला ती रोज बसायची. एसेनबद्दल लाख गोष्टी होत्या. दुधावरची साय बोटानं खायचा, झोपेत दात खायचा, पहिल्या पगारात तिच्यासाठी लोकरीची शाल आणली ती दोन्ही खांदे झाकायला अपुरी पडली. पण शब्द जमायला गेले की मीठ संपलंय, कोळसा मागवायचाय, असलंच सुचायचं. त्याचं जे काही होतं ते एकदाच बाहेर आलं होतं, आणि ते आता काळ्या दगडावर होतं, दुसऱ्याच्या नावावर.

एसेनच्या वर्षाच्या जेवणाच्या दोन दिवस आधी तिन्हीसांजेला तिनं बीबीझादापुढे पदर पसरला.

“तुला काय कमी आहे गं? परत दे माझं ते.”

“मी कुठे मागितलं होतं?” बीबीझादा म्हणाली. ती थकलेली दिसत होती. “मला आपलं भट्टीचं एखादं चाललं असतं. हे पोराचं रडणं मलाही टोचतं गं, नीट बसवत नाही यात. पण आता कुठे उतरवून ठेवू? गावानं पक्कं केलंय.”

बाहेर कोळशाच्या खोपटापाशी तो उभा होताच. आता तो निम्मा अंधारात गेला होता.

ऑक्टोबरात जेवण झालं. चार बोटं चरबीची घोडी कापली म्हटल्यावर कोण येणार नाही? गल्ली भरून मोटारी लागल्या, काही तर शेजारच्या चिखलात रुतल्या. दौलेतियारनं शब्द पाळला, तंबू आला, खुर्च्या आल्या. कानझिपा कढईशी उभी राहून पुऱ्या काढत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “बघा माझ्या एसेनचा थाट!” लोकांनी पोट भरून खाल्लं, बोटांवरची चरबी चाटली, म्हणाले, आईनं पोराचं केलं हं, नावाजण्यासारखं केलं. उल्बोसिनला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. तिला वाटलं, एवढी माणसं आलीत, आता याला वाट मिळेल.

मग शेवटच्या रडण्याची वेळ झाली. पुरुष बाहेर गेले आणि कान देऊन थांबले, मुल्ला पुढे. आत चाळीसेक बायका पांढरे रुमाल बांधून बसल्या. उल्बोसिननं भिंतीकडे तोंड केलं, हात कमरेवर ठेवले. नवं काही नव्हतं. जे त्याचं होतं ते त्यालाच देऊन टाकायचं, आज तरी, असं तिनं ठरवलं होतं. कुणी काही म्हणो.

पाण्यावर बर्फ धरला, तळाशी मासा हालतो,
वरून मी हाका मारते, खालून कोण बोलतो?

आवाज पूर्वीपेक्षा खोल लागला. पाठीमागे बायकांचा पहिला हुंदका फुटला, मग दुसरा. दार मी लावलं नाही म्हणेपर्यंत सगळ्या रडत होत्या, मनापासून रडत होत्या, काही पोरी ओठांनी तिच्याबरोबर म्हणतही होत्या. तिनं नाव घेतलं, एसेन रे, माझ्या एसेना, आणि श्वास घ्यायला थांबली.

तेवढ्यात मागून कुणीतरी नाक ओढत म्हणालं, “काय बाई होती हो बीबीझादा आपा. गेली बिचारी.”

“सोन्यासारखी,” दुसरी म्हणाली.

“आपल्यात आता असं कोण उरलंय?” तिसरी म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.

उल्बोसिनच्या डाव्या अंगाला नदीच्या मुखाकडच्या गावाहून आलेली एक म्हातारी बसली होती. कानानं जड, भाच्याच्या मोटारीतून आलेली, कुणाच्या घरी काय आहे हे तिला धड माहीत नव्हतं. ती ओणवी झाली, उल्बोसिनच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मायेनं, तिच्या मते हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पोरी, नाव चुकतंय तुझं. बीबीझादा म्हण, बीबीझादा.”

दारात कानझिपा पुऱ्यांची परात घेऊन उभी होती. तिनं परात उंबऱ्यावरच ठेवली. उल्बोसिननं पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बोलली असती तर खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं असं होतं की पोराचं रडणं तिनं घोडीला दिलं होतं, आणि ती घोडी आत्ता सगळ्यांच्या पोटात होती.

बाहेर पुरुषांना वाटलं, रडणं संपलं. मुल्लानं तळवे वर केले, एसेनच्या नावानं निरोपाची दुआ म्हटली, आणि सगळ्या गल्लीनं आमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. आत बायकांनीही फिरवले. उल्बोसिननंही फिरवले. वर्ष संपलं होतं. आता त्याच्यासाठी पुन्हा कुणी रडायचं नव्हतं, तसा रिवाजच आहे.